भोंगा झाल्यावर

वात जरा वर करतो. ऐकणाऱ्याचा चेहरा दिसला की मला बरं वाटतं. मी भलतंच काही बोलत असलो तर तिथेच कळतं. रसायनशास्त्रात दोन पदव्या घेतल्या, त्यांतली एक विलायतेत. तरी या एका बाबतीत मी माझ्याच कानांवर पुरता विश्वास ठेवू शकलेलो नाही.

गोवा तेव्हा अजून पोर्तुगिजांकडे होता. मालवणच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी असलेल्या डोंगरात एका परदेशी कंपनीने लोखंडाची खाण काढली होती. दगड फोडून ट्रॉलीत भरायचा, धक्क्यावर न्यायचा, तिथून पडावांनी, म्हणजे शिडाच्या होड्यांनी, बाहेर उभ्या असलेल्या बोटीवर चढवायचा. दगडात लोखंड किती, ते मी तपासायचो.

व्यवस्थापक वागळे मुंबईहून आलेले. बोलणं मऊ, कपडे पांढरे. दर शनिवारी संध्याकाळी ते सगळ्यांना कचेरीसमोर उभं करून कंपनीचे नियम वाचत. प्रत्येक वाक्यानंतर थांबत, आणि सगळ्यांनी एका सुरात 'यस सर' म्हणायचं. कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे. यस सर. कुटुंबात तक्रार नसते. यस सर. भोंगा झाल्यावर खाणीत कुणीही नाही. यस सर.

गावात देवापुढे गाऱ्हाणं घालतात ते असंच. मानकरी एकेक वाक्य बोलतो आणि मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्या गावचे मानकरी दाजी आमच्याच खाणीत कामाला होते. शनिवारी सुटल्यावर ते पान जुळवत म्हणायचे, "ह्यो देव लय महाग. ह्या देवाक आमीच नारळ, नि कापूक कोंबोय आमीच."

माणसं हसायची. मीही हसायचो. पण वागळ्यांच्या त्या भोंग्याच्या वाक्यात काय लबाडी होती, ते ऐका. भोंगा झाल्यावर खाणीत राहील तो आपखुशीने राहील, कंपनी जबाबदार नाही, हा लिहिलेला नियम. ट्रॉली अर्धी ठेवून वर याल तर उद्या येऊ नका, हा न लिहिलेला. दोन्ही नियम त्याच एका मऊ आवाजातले.

तो दिवस साधा होता. नमुन्याचे दगड आणायला मी पिशवी घेऊन खालच्या खड्ड्यापाशी गेलो. भोंगा नुकताच झाला होता. लवू नावाचा गावातलाच एक मजूर एकटा खाली होता, कमरेला पंचा, अंगावर लाल धूळ. त्याने माझी पिशवी भरून वर दिली.

"भोंगा झाला रे. वर ये," मी म्हणालो.

"ही ट्रॉली भरल्याबिगर मुकादम नाव कापतलो," तो हसला. "नि कंपनी घरचीच मा? घरच्या कामाक भोंगो खंय?"

मी प्रयोगशाळेच्या पायरीपर्यंत पोचलो असेन, तेवढ्यात मागून आवाज आला. मोठा नव्हता. ओल्या भाताचं पोतं जमिनीवर टाकावं, तसा. वळून पाहिलं तर खड्ड्यावर लाल धूळ उभी होती.

माणसं पहारी घेऊन धावली. वागळ्यांनी त्यांना काठावरच अडवलं. कडा अजून ढासळेल, म्हणाले. आत कुणी नाही, म्हणाले. मी पुढे होऊन सांगितलं, आत लवू आहे, मी त्याच्याशी बोललो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही हादरला आहात. तुमची भावना मी वर कळवतो."

सोमवारी कचेरीतून कळलं की लवू गोव्याला पळालाय. सीमेपलीकडच्या चोरट्या मालाचा नाद होता म्हणे त्याला. इकडे माल न्यायला बोट लागायची होती. कोसळलेला खड्डा उपसण्यापेक्षा बुजवणं सोपं होतं.

लवूची बायको सुभद्रा रोज कचेरीच्या पायरीशी येऊन बसायची. लोक तिच्या कपाळाकडे बघून कुजबुजायचे. एकदा तिने मला थांबवलं.

"सायबानू, तुमी शिकलेले. माझो घोव थंय आसा, ह्या तुमका म्हायत आसा. माका पैसो नको. तेका भायर काढा, माका अग्नी देवंदे. मी कुंकू ठेवू काय पुसू, इतक्या तरी कोणीतरी सांगा हो माका."

मी पुन्हा वागळ्यांकडे गेलो. या वेळी आवाज चढला, माझा. ते शांतपणे म्हणाले, "तुम्हाला खात्री आहे, तो भोंग्यानंतरही आत होता?"

"आहे."

"मग तो आपखुशीने होता."

मी दार आपटून बाहेर पडलो.

खड्डा बुजवायचा मुहूर्त ठरला, कारण विलायतेहून मोठे साहेब यायचे होते आणि शेजारी नवा खड्डा सुरू होणार होता. माणसांनी सांगितलं, जागेच्या राखणदाराला, तिथल्या देवाला, गाऱ्हाणं घातल्याशिवाय माती टाकणार नाही. वागळे लगेच कबूल झाले. साहेबांना इथल्या चालीरीतींची आवड होती म्हणे. कॅमेरा होता त्यांच्याकडे.

तिन्हीसांज होत आली होती. खाडीवरून येणारा वारा पडला, आणि ओल्या मातीचा, गंजाचा आणि आणखी कशाचा तरी वास काठाशी साचून राहिला. तो ओळखीचा होता, पण मी स्वतःला ओळखू दिला नाही. दाजींनी नारळ हातात धरला.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"आज तुझी लेकरा ह्या जाग्यार एक होवन उभी आसत..."

"व्हय म्हाराजा."

सगळे थांबल्यावर एक आवाज उरला. बारीक, मागे पडलेला. मला वाटलं प्रतिध्वनी. दाजींनी मान किंचित खाली केली आणि वाक्य सावकाश बोलले.

"जा काय चुकला माकला आसात, ता पोटात घाल..."

या वेळी कुणीच तोंड उघडलं नाही. खालून, मातीच्या आतून आलं...

"व्हय म्हाराजा."

सुभद्रा मटकन खाली बसली. "ह्यांचो आवाज," एवढंच म्हणाली.

दाजींनी नारळ छातीशी धरला. "आणि जो कोण लेकरू ह्या मातयेखाली अडाकला आसात, तेका वाट दाखय रे म्हाराजा..."

"व्हय... म्हाराजा."

वागळे पुढे आले. चेहरा पांढरा पडला होता, पण ते थांबले नाहीत. कुणीतरी चेष्टा करतंय, असं म्हणाले. मग खड्ड्याकडे न बघता, शनिवारच्या त्याच मऊ आवाजात, त्यांनी वाक्य उच्चारलं.

"भोंगा झाल्यावर खाणीत कुणीही नाही."

आणि खालून, अगदी स्पष्ट...

"यस सर."

मेलेल्या माणसानेसुद्धा तेच म्हणायचं. त्याच्या छातीवर डोंगर पडला होता, आणि तरी त्याला त्याच्याच नसण्याला हो म्हणायला लावलं होतं. मला भीती नाही वाटली त्या क्षणी. संताप आला.

मोठ्या साहेबांना आतापर्यंतचं एक अक्षर कळलं नव्हतं. हे दोन शब्द कळले. त्यांनी कॅमेरा खाली घेतला, वागळ्यांकडे पाहिलं आणि गाडीकडे चालू लागले.

दाजींनी नारळ फोडला आणि पहार उचलली. कुणी कुणाला हुकूम केला नाही. बाया टोपल्या घेऊन आल्या. बोट बाहेर उभी राहिली, तिचे दिवे लागले, तिने दोनदा शिटी मारली. एकानेही वर पाहिलं नाही. लवू दुसऱ्या दिवशी सापडला, अर्ध्या भरलेल्या ट्रॉलीला पाठ लावून बसल्यासारखा. सुभद्राने खाडीकाठी त्याला अग्नी दिला आणि घरी येऊन स्वतःच्या हाताने कुंकू पुसलं. रडली ती नंतर.

इथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला सांगितली नसती.

एक गोष्ट मघाशी राहिली. खाणीच्या विहिरीजवळ एक शेड होती. आदल्या उन्हाळ्यात फोंडाघाटाच्या वरून आणलेले मजूर तिथे राहत. पावसाआधी ते आपल्या गावी गेले, असं वागळे सांगत. त्यांची जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, ताटं मात्र भिंतीला टेकवून ठेवलेली होती. घरी जाणारा माणूस ताट मागे ठेवत नाही, हे कुणाच्या मनात आलं नाही. ती आमच्या गावची माणसं नव्हती ना.

पुढच्या शनिवारी वागळ्यांनी पुन्हा सगळ्यांना उभं केलं, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं. कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे. कुणी 'यस सर' म्हटलं नाही. दाजी पान चघळत खाली बघत होते. सुभद्रा पायरीशी उभी होती, लवूचा शेवटचा पगार न्यायला बोलावलं होतं तिला.

"भोंगा झाल्यावर खाणीत कुणीही नाही."

नवीन खड्ड्याच्याही पलीकडे, आदल्या उन्हाळ्यात बुजवलेल्या जुन्या चरावर गवत वाढलं होतं. तिकडून आवाज आला. जाड, दमलेला.

"व्हय जी."

आमच्याकडे कुणी असं 'जी' लावत नाही. तो घाटावरचा माणूस होता. त्याच्यामागून थोड्या अंतरावरून दुसरा, मग तिसरा.

"व्हय जी... व्हय जी..."

सुभद्रा हळूच म्हणाली, "ह्यांच्या बायलो खंय आसत?"

मी वागळ्यांकडे बघत होतो. तेव्हापासून आजवर मला तेच दिसतं, आणि मी चुकीचं पाहिलं असावं अशी फार इच्छा आहे. ते दचकले नाहीत. कागदावरून नजरही उचलली नाही. शेवटचा 'जी' येऊन विरेपर्यंत ते बरोबर तेवढं थांबले, दर शनिवारी थांबायचे तेवढंच, आणि मग पुढचं वाक्य वाचू लागले.