विसरभोळ्या संगणकातली हळद

सकाळी गौतमीने शेडचा दरवाजा सरकवला, तेव्हा आतली हवा अजून गार होती. रोजच्यासारखी ती वाफ्यावाफ्यातून जरबेराची फुले काढत गेली. जरबेरा कापायचा नसतो. देठ बुडाशी धरायचा, किंचित वाकवायचा आणि अलगद ओढायचा. भरलेल्या बादल्या आईकडे देऊन ती कोपऱ्यातल्या जुन्या संगणकाकडे वळली. शेडमध्ये पाण्याचे धुके सोडणारे फॉगर हाच संगणक चालवत असे. तिने बटण दाबले, पडदा उजळला आणि तिचा चेहरा पडला.

"परत विसरला!"

काल भरलेल्या उन्हाळ्याच्या वेळा गायब होत्या. जानेवारीतल्या जुन्या वेळा पुन्हा हजर!

तिने सगळ्या वेळा परत भरल्या, पण दुपारी लाईट जाऊन आली की संगणक पुन्हा सुरू होणार आणि पुन्हा विसरणार, हे तिला ठाऊक होते. ऐन उन्हात फॉगर बंद राहत आणि फुले माना टाकत.

तिचे वडील किशोर दारातूनच म्हणाले, "राहू दे गं. परवा सांगाडा न्यायला माणसं येत्यात. रोज फुलं जळत्यात. शेड उतरवायची, ठरलं."

"पण अण्णा, कार्ड चांगलं हाय!"

"हार्डडिस्क खडखडत होती तरी चालत हुती. तुमी त्यात ते नखाएवढं कार्ड घातलं आन् त्याला भूल पडली!"

हे गौतमीला फार लागले. जानेवारीत त्यांच्या भाडेकरूंनी, चंद्रकांतकाकांनी, मरायला टेकलेल्या त्या हार्डडिस्कची हुबेहूब प्रत लॅपटॉपवर उतरवून घेतली होती. असल्या प्रतीला 'इमेज' म्हणतात. ती इमेज त्यांनी एका एसडी कार्डावर लिहिली आणि बोटभर पट्टीत ते कार्ड खोचून जुन्या डिस्कच्या जागी बसवले. सगळे काम गौतमीने आणि काकांच्या मुलांनी, ऋषिकेश-ऋतिकाने, त्यांच्या शेजारी बसून केले होते. दुसरे कार्ड अडीअडचणीसाठी ठेवले होते. तिसरे मुलांना बक्षीस मिळाले होते. त्यावर जुने खेळ भरायचा त्यांचा बेत होता.

ती थेट ऋषिकेशच्या खोलीवर गेली. "चल! आज छडा लावायचाच!"

शेडमध्ये येऊन ऋषिकेशने संगणकाला कार्डावरच्या सगळ्या गोष्टी दाखवायला सांगितले. अक्षरे सरकली आणि तो खुर्चीतून उठलाच.

"जागा शिल्लक शून्य! म्हणून नव्या वेळा जतनच होत नाहीत. आणि हे बघ, DCIM! हे तर डिजिटल कॅमेरा बनवतो ते फोल्डर!"

"ह्याला कुठं डोळा हाय फोटू काढायला?" गौतमी म्हणाली.

"दादा, संगणक रात्री फिरायला जात असेल!" दहा वर्षांची ऋतिका खिदळली.

"तू गप गं!"

पण काकांच्या लॅपटॉपमध्ये कार्ड घालताच तिघेही पडद्यावर वाकले. हळद! पिवळीधमक नवरी, मांडव, हसणाऱ्या बायका, पंगतीत बसलेले अण्णासुद्धा!

"ही तर वाल्मीककाकांची पुतणी. मागच्या आठवड्यात लगीन झालं," गौतमी म्हणाली. वाल्मीककाका शेडवर कामाला होते. संध्याकाळी संगणक तेच बंद करत.

ऋतिका एकेक फोटो डोळे बारीक करून पाहत होती. "सगळं आपलं नेरे गाव आहे यात. मग वाल्मीककाका कुठे आहेत? सख्ख्या पुतणीच्या हळदीला गेलेच नाहीत?"

गौतमीने ऋषिकेशकडे पाहिले. "जो फोटो काढतो, तो फोटोत नसतो!"

संध्याकाळी तिघे क्रेटच्या आड दबून बसले. वाल्मीककाका आले, संगणक बंद केला, सराईतपणे कार्ड काढून आपल्या कॅमेऱ्यात घातले आणि निघाले.

"काका, माझा पण एक फोटो काढा ना!" ऋतिका टुणकन पुढे आली.

काकांच्या हातून कॅमेरा पडता पडता राहिला. आरडाओरडा ऐकून किशोर आणि चंद्रकांतकाका धावले.

"माझं कार्ड बिघडलं हुतं, दादा," वाल्मीककाका खाली मान घालून म्हणाले. "ह्यात जागा रिकामी दिसली. रोज फोटू दाखवाय घरी न्यायचो आन् पहाटे परत लावत हुतो. त्यापायी काय बिघडंल, असं वाटलं न्हाई."

"माझी शेड हातची चालली हुती, वाल्मीक! पोरी, पूस ते सगळे फोटू, आत्ताच!"

"ते फोटू दुसरीकडं कुटंच न्हाईत..." वाल्मीककाका पुटपुटले.

गौतमीने ते कार्ड कॅमेऱ्यातून काढून लॅपटॉपमध्ये घातले, सगळे फोटो उतरवून घेतले आणि एकेक उघडतोय का ते तपासले. त्यानंतरच तिने जानेवारीची इमेज कार्डावर नव्याने लिहिली, ते जागेवर बसवले आणि उन्हाळ्याच्या वेळा भरल्या.

"लाईट जायची वाट कशाला बघायची?" म्हणत तिने मुख्य बटण पाडले आणि पुन्हा वर केले.

पडदा उजळला. उन्हाळ्याच्याच वेळा!

"हुर्रे!" ऋतिकाने उडी मारली.

"ऑफिसात मोठमोठे लोक पुसायची घाई करतात," चंद्रकांतकाका म्हणाले. "शाबास, गौतमी!"

किशोरनी वाफ्यांवरून नजर फिरवली. मग खिशातून मोबाईल काढला. "हॅलो, परवा येऊ नगा. शेड राहणार हाय." फोन ठेवून ते पुटपुटले, "लई हुशार हायेत पोरं. आन् वाल्मीक, सकाळी येळेवर ये."

वाल्मीककाका पाईप गुंडाळायला वळले. त्यांचा कॅमेरा टेबलावर तसाच उघडा पडला होता. गौतमीने दप्तरातून बक्षिसाचे तिसरे कार्ड काढून ऋषिकेशपुढे धरले. त्याने ऋतिकाकडे पाहिले. ऋतिकाने गाल फुगवले, आणि मग मान डोलावली.

गौतमीने हळदीचे फोटो त्या कार्डावर उतरवले, ते कॅमेऱ्यात सरकवले, झाकण लावले आणि कॅमेरा काकांच्या टोपीशेजारी खुंटीला अडकवला.