ह्यांच्या घड्याळाचा पट्टा

एप्रिलातल्या दुपारी दोन वाजता सीताबर्डीवर चिटपाखरू नसतं. अशा वेळी एखादी मुलगी घड्याळाच्या दुकानात शिरली, तर एक तर तिचं घड्याळ बंद पडलेलं असतं, नाहीतर तिला ऊन लागलेलं असतं. श्रीधरनं डोळ्यावरचं भिंग न काढताच पाण्याचा ग्लास पुढं केला. तिनं तो रिकामा केला, पदरानं कपाळ टिपलं आणि रुमालात गुंडाळलेलं घड्याळ काउंटरवर ठेवलं.

झालं... भिंगाच्या डोळ्याला घड्याळ दिसलं आणि मोकळ्या डोळ्याला ती. दोन्ही एकदमच आवडल्यामुळं आधी कुठं बघावं हे बिचाऱ्याला कळेना.

घड्याळ साधंसुधं नव्हतंच. वीसेक वर्षांपूर्वीचं, जाडजूड, काळ्या तबकडीचं, भोवती फिरणारं कडं... समुद्रात बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांचं घड्याळ! नागपुरात कुठला आलाय समुद्र? असलं घड्याळ त्यानं आजवर फक्त मासिकातल्या चित्रात पाहिलं होतं. रबरी पट्टा मात्र कुजून तुटला होता. सोबत चिठ्ठी होती, अगदी मोत्यासारख्या अक्षरात – 'ह्यांच्या घड्याळाला चांगला पट्टा बसवून द्यावा. घामानं कुजणार नाही असा. ह्यांचा हात भरदार आहे.'

ह्यांच्या... श्रीधरचा चेहरा पडला. बाईमाणूस नवऱ्याचं नाव थोडंच लिहिणार? 'हे' लिहून मोकळी होते, आणि समजणारा समजतो. श्रीधर समजला. गळ्यात मंगळसूत्र दिसत नव्हतं, पण शिकल्यासवरल्या बायका हल्ली ते पदराआड ठेवतात, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. मापासाठी साहेबांनाच घेऊन या, असं तो म्हणाला, तेव्हा तिनं नजर रिकाम्या ग्लासाकडं वळवली. मग हळूच म्हणाली, त्यांना नाही जमायचं. बोटीवर असतील, असं श्रीधरनं परस्पर ठरवून टाकलं. तिचं नाव चारुशीला, राहणार धंतोलीला, मुलींच्या शाळेत शिकवायची. म्हणजे 'बाई' म्हणायची आयती सोय झाली.

पट्टा चटकन बसला असता, तर ही गोष्ट त्याच दुपारी संपली असती. पण या घड्याळाच्या दोन्ही टोकांच्या, पट्टा अडकवायच्या दांड्या निघणाऱ्या नव्हत्या. खोल पाण्यात निसटू नयेत म्हणून त्या डाग देऊन कायमच्या पक्क्या केलेल्या. बाजारातला चामडी पट्टा किंवा स्टीलची साखळी लावायची, तर दांड्या कापायला हव्यात, आणि श्रीधरला ते म्हणजे धडधाकट माणसाचं हाड मोडण्यासारखं वाटे. दांड्यांखालून सलग ओवता येईल असा लांबलचक, एकाच तुकड्याचा पट्टा शोधावा लागेल, वेळ लागेल, असं त्यानं सांगितलं. वेळ लागू दे, असं ती म्हणाली. आता हे बोलणं पट्ट्याबद्दलच होतं, पण श्रीधरला रात्रभर पुरलं.

मग ती गुरुवारी आली, मंगळवारी आली, पुन्हा गुरुवारी आली. कॅनव्हास बघून झालं, सुती निवार बघून झाली. वाळ्याच्या ताटीतून गार वास यायचा, रस्त्यावर ऊन भाजत असायचं, आणि ती स्टुलावर बसून शाळेतल्या पोरींच्या गमती सांगत राहायची. श्रीधर मान वर करायचा नाही. दुसऱ्याच्या बायकोची वाट पाहून राहिला, लाज नाही वाटत काय, असं तो स्वतःला झापायचा, आणि तिची सावली दारात पडली की झापायचं विसरायचा. पट्टा मिळाला की ही यायची बंद होणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तो पट्टा शोधतच होता, कारण फसवून थांबवणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"तुम्ही माझ्याशी बोलता की घड्याळाशी?" तिनं एकदा विचारलं.

"घड्याळाशी."

"मग ते काय म्हणतं?"

"म्हणतं... बाई फार दिवसांनी आल्या." आणि त्यानं जीभ चावली. चारुशीला खाली बघून उगाच रुमालाच्या घड्या घालत राहिली.

शेवटी कामठीच्या छावणीबाजारात त्याला हवी तशी नायलॉनची हिरवी पट्टी मिळाली. त्यानं ती कापली, तापल्या सुरीनं कडा बंद केल्या, बक्कल शिवलं. शुक्रवारी चारुशीला आली, तेव्हा घड्याळ तयार होतं.

"घट्ट झालं तर साहेबांना म्हणावं, अजून एक भोक पाडून देतो."

"कुठले साहेब?"

"तुमचे... मिस्टर."

ती त्याच्याकडं बघतच राहिली. मग हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. अहो, ते आईचे 'हे', ती म्हणाली. बाबा अजून असल्यासारखीच आई बोलत गेली आणि तिनं वर्गात पोरी शुद्धलेखन उतरवतात तशी शब्दन्‌शब्द चिठ्ठी उतरवली होती. घड्याळ बाबांचं. नौदलात पाणबुडे होते, एका गोऱ्या सोबत्यानं दिलेलं. मागच्या श्रावणात ते गेले, आणि परक्या माणसासमोर ते शब्द तिच्या तोंडून निघाले नव्हते.

श्रीधरला वाईट वाटलं, मनापासून वाटलं. पण खोटं कशाला सांगा, त्याच वेळी त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. जेमतेम मिनिटभरच, कारण चारुशीला पुढं बोलत होती.

रविवारी तिला बघायला लोक येणार होते. बाबांचं घड्याळ होणाऱ्या जावयाच्या हातात घालायचं, असं आईनं ठरवलं होतं. मुलाला चकाकणारी साखळी आवडते, असा मध्यस्थाचा निरोप होता.

"दांड्या कापून द्या म्हणालीय आई," ती पुटपुटली.

"मी नाही कापत."

"का?"

दुकानात तो नेहमी शाळेत शिकलेलं मराठी बोलायचा. ते सगळं एकदम विसरला.

"कापल्या का हे कोणाच्याबी हातात बसते. अन् तुम्हीबी... कोणाच्याबी घरी जाल. मले नाही पाहवत ते. मले तुम्ही पाहिजे."

चारुशीलेचे कान लाल झाले होते.

"हे मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "आईला सांगा. रविवारच्या आधी."

दुकान श्रीधरच्या मामांचं, नत्थूजींचं; श्रीधर रामटेकहून त्यांच्याकडं कामाला आलेला. ते आधी खूप कुरकुरले. मुलीवाले आपल्या दारी येतात, आपण कधीपासून जायला लागलो? शिवाय ते लोक आपल्यातले नाहीत. "काहून गा, रामटेकात पोरी सरल्या काय?" पण शनिवारी चार वाजता इस्त्रीची टोपी घालून तेच पुढं चालत होते.

चारुशीलेच्या आईनं, यमुताईंनी, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. घड्याळ त्यांच्या मांडीवर होतं. श्रीधर म्हणाला, हे तुमच्याच घरी राहू द्या. पट्टा चारुशीलाबाईंच्या हाताला येईल असा करून देतो. मले काहीच नको, फक्त त्यांचा होकार अन् तुमचा.

यमुताईंनी एकच विचारलं. "पोहता येतं तुम्हाला?"

नत्थूजी मोठ्यानं खोकले, म्हणजे हो म्हण. रामटेकच्या तळ्याकाठी वाढलेल्या माणसाला नाही म्हणायची लाज वाटते. शिवाय हे पाणबुड्याचं घर.

"नाही," श्रीधर म्हणाला. "पाण्याचं भ्या वाटते मले."

यमुताईंनी घड्याळ बाजूला ठेवलं.

"बरं झालं. हे पाण्यात उतरले की वर येईतो माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. बावीस वर्षं काढली तशी. चारूच्या वाट्याला ते नको."

दारात उभ्या चारुशीलेनं तोंडाला पदर लावला. नत्थूजींना टोपी काढावी की ठेवावी ते कळेना. यमुताई डोळे पुसून उठल्या.

"चारू, त्या लोकांना कळव, येऊ नका म्हणावं," त्या म्हणाल्या, आणि श्रीधरकडं वळल्या. "डाळ निवडून झालीय. उद्या पुरणपोळीला तुम्हीच या."