मॉरिस मागायला आलेला पाहुणा

गाडीखालून मला आधी त्याचे बूट दिसले. काळे, पॉलिश केलेले, आरशासारखे. डर्बनच्या आमच्या यार्डात असले बूट घालून येणारा माणूस एकतर जकात खात्याचा असतो, नाहीतर वेडा. हा दुसरा निघाला.

“भाऊ, ती झाडाखालची मॉरिस मायनर विकायची आहे का?”

मी हातात टूथब्रश घेऊन सरपटत बाहेर आले.

“भाऊ नाही, फुमला. आणि ती विकायची नाही.”

तो असा काही लाजला... की मला तिथेच आवडला. खोटं कशाला बोलू!

नाव दिदिये, मॉरिशसचा. त्याच्या आजोबांची मॉरिस टॅक्सी पोर्ट लुईच्या खाऱ्या हवेत गंजून गेली होती. आजोबांना एकदा तरी तसल्या गाडीत पुन्हा बसवायचं, एवढाच त्याचा ध्यास. गाडीचा पत्ता नव्हता, पण पुढच्या गुरुवारच्या जहाजात पठ्ठ्याने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती! जुन्या गाड्या साफ करून परदेशी पाठवणं हा आमचा धंदाच. पण ती आकाशी मॉरिस माझ्या काकांची स्वतःची. मला लहानाचं मोठं करणारे हेच काका.

“खिशात हात घालून गाडी मागतो,” काका म्हणाले. “याला मुळीच द्यायची नाही.”

दिदिये गेला नाही. दुसऱ्या दिवशी जुने बूट घालून आला आणि माझ्या शेजारी गाड्या घासायला बसला. पलीकडच्या बंदरात गवताचं एक बी सापडलं तरी गाडी परत येते, म्हणून आम्ही फट न् फट टूथब्रशने कोरतो. दहा दिवस आम्ही बिया वेचल्या.

“तुझ्या नाकाला ग्रीस लागलंय.”

“मग पूस.”

“पुसलं तर मी दिवसभर बघू काय?”

“आगाऊ आहेस!”

“आलो तेव्हा नव्हतो.”

त्याचा हात माझ्या हाताला लागायचा, आणि दोघं एकाच फटीत उगाच बघत बसायचो. मला काय झालंय ते मला स्वच्छ कळलं होतं. त्याचं काय — ते कळत नव्हतं. आणि गाडी मिळो न मिळो, गुरुवारी तो जाणार होता.

बुधवारी सकाळी आम्ही मक्याची लापशी खात होतो, तेवढ्यात फाटकाबाहेरून खणखणीत हाक आली.

“न्दोसी! मगाये!”

आमच्या कुळाची नावं. काकूच्या हातातला डाव थांबला. सकाळी फाटकाबाहेर उभं राहून अशी नावं पुकारतात ती एकाच कामासाठी — घरच्या मुलीला मागणी घालायला.

खिडकीतून पाहते तर बाहेर सूट घातलेले शेजारचे मखान्या आजोबा. दिदिये त्यांच्याच घरी उतरला होता. त्यांच्या मागे तो स्वतः, काकूसाठी आणलेलं ब्लँकेट छातीशी धरून. मी अनवाणीच धावले.

“हे काय चालवलंयस?”

“रीतसर मागायला आलोय ना,” तो म्हणाला. “मॉरिस.”

आजोबा गर्रकन वळले. “मॉरिस? दहा दिवस जेवताना ‘फुमला असं म्हणाली, फुमला अशी हसली’... गाडीचं नाव तरी काढलंस का रे? काल म्हणालास, त्या घरी रीतसर मागायला चला. मी दुसरं काय समजणार?”

दिदियेने ब्लँकेट आणखी घट्ट धरलं.

“ही रीत गाडीची नाही,” मी हळूच म्हणाले. “नवरीची आहे. अजून वेळ गेलेली नाही. चूक झाली म्हण... सगळे हसतील आणि विषय संपेल.”

तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणू नकोस, म्हणू नकोस, असं माझ्या मनात चाललेलं.

“चूक माझीच,” तो म्हणाला. “मी काय मागायला आलोय, ते मलाच आत्ता कळलं.” मग वळून — “आजोबा, पुन्हा पुकारा. जरा मोठ्याने.”

आजोबांनी सगळी गल्ली जागी केली.

काका सावकाश बाहेर आले. फाटक न उघडता त्यांनी दिदियेला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. हात खिशात नव्हते.

“गाडी उद्याच्या जहाजात चढव. तुझ्या आजोबांना बसव तिच्यात,” ते म्हणाले. “पोरगी मात्र जहाजात चढवायची वस्तू नाही. तिच्यासाठी घरची मोठी माणसं घेऊन परत यावं लागेल.”

“येईन. ती म्हणाली तर.”

“तेच विचारायचंय. तिने ‘नाही’ म्हटलं, तर पाहुणे आल्या वाटेने जातात.” काका माझ्याकडे वळले. “फुमला, या माणसाला तू ओळखतेस का?”

असं विचारल्यावर मुलीने मान खाली घालून पुटपुटायचं असतं.

“ओळखते!” मी म्हणाले, तेही इतक्या मोठ्याने, की समोरच्या घरातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.