अकरा नंबरचा बनियन

इतागुई शहरातल्या विणकाम कारखान्यात यामिलेचा गुरुवारही त्याच बनियनपाशी अडला. सुताबरोबर चांदीचा मुलामा दिलेला धागा विणलेला; छाती फुगली की कापड ताणलं जाणार आणि त्या ताणावरून श्वास मोजला जाणार. पहिले दहा नमुने एकदा धुतले की मुके झाले होते. अकरावा धुऊनही चालला. पण सकाळपासून तो टेबलावर रिकामा पसरला होता आणि संगणकाच्या पडद्यावर त्याची रेघ वरखाली होत होती. मिनिटाला बारा वेळा.

उद्या इस्पितळाची माणसं बघायला येणार होती. दोनदा तारीख पुढे ढकलून झालेली. तिसऱ्यांदा कोणी ऐकून घेतलं नसतं.

यामिलेने वायर बदलली, बॅटरी बदलली. पंखा बंद केला, मोबाइल बाहेर नेऊन ठेवला, शेवटी सगळी यंत्रं थांबवायला लावली. रेघ हलतच होती.

"मास्तर, टाके सैल पडलेत तुमचे," ती वैतागून म्हणाली.

एलिएसर मास्तर तीस वर्षं विणयंत्र चालवत होते. त्यांनी काळ्या कॉफीचा पेला खाली ठेवला. "इंजिनिअरबाई, माझे टाके तुमच्या डिग्रीपेक्षा घट्ट आहेत. दोष असता तर रेघ वेडीवाकडी आली असती. ही झोपलेल्या माणसाची आहे."

"असलं काही बोलू नका हो. डोकं आधीच उठलंय माझं."

तिने बनियन शर्टावरूनच चढवला आणि श्वास रोखला. रेघ सपाट व्हायला हवी होती. झाली नाही. उलट रेघ चढली की कापड बरगड्यांवर सैल होई, उतरली की आवळे.

"काढा तो," मास्तर हळूच म्हणाले.

तिने ओरबाडून काढला, टेबलावर आपटला. "कापूनच टाकते. नमुना फाटला म्हणून सांगेन उद्या."

"कापा. मला बघायला लावू नका." मास्तर दाराशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

तिने कात्री उघडली.

रेघ भरभर हलू लागली. मिनिटाला वीस. मग चाळीस.

"मास्तर, वायरला हात लावलात?"

"मी इथे दारात आहे, पोरी."

तिने पातं बनियनच्या गळ्यापाशी नेलं. कापडापासून ते अजून बोटभर दूर होतं.

रेघ सपाट झाली.

ती थांबली. बाहेर दुपारचं ऊन होतं. पडद्यावर शून्य.

तिने कात्री बाजूला ठेवली.

पडद्यावर एक लांब, खोल श्वास उमटला.