ऑगस्टची एन्ट्री

हात ओळखीचा होता. माणूस मात्र मुग्धाने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

अबू धाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या त्या चिंचोळ्या फोटो स्टुडिओत तो हात काउंटरवरच्या पावतीवर सही करत होता. सहीआधी पेन दोनदा कागदावर टेकला... टक, टक. करंगळी किंचित वाकडी, मधल्या बोटावर निळ्या शाईचा डाग. गेले चार महिने, दर शनिवारी सकाळी, हाच हात ती मोबाइलवर बघत होती.

दत्तप्रसाद सरांचा कोरियन भाषेचा ऑनलाइन वर्ग असा अजब होता. फोन वहीच्या वर टांगलेला, त्यामुळे दिसायची ती वही, तो हात, आणि कानात तो सावकाश, समजूतदार आवाज. वर्गात आधी पाच जण होते. एकेक करत गळाले आणि दुसऱ्या महिन्यापासून मुग्धा एकटीच उरली. आता एका आवाजाला आणि एका हाताला मनाने कधीतरी चेहरा देऊन टाकलेलाच असतो. खरा चेहरा त्यात बसला नाही तर? म्हणून आज रास अल खैमाहून कामांसाठी अबू धाबीला येतेय, हे तिने सरांना कळवलंच नव्हतं. चोरून आली आणि पहिल्याच दुकानात सापडली.

"मॅडम, सफेद पे सफेद नहीं चलेगा," फोटोवाला तिच्या पांढऱ्या कुर्त्याकडे बघत म्हणाला. "व्हिसा का फोटो रिजेक्ट होगा. कुछ डार्क है?"

"झालं! आता डार्क कुठून आणू?" ती मराठीत पुटपुटली.

तो हात थांबला. माणूस वळला. उंच, सावळा, चष्मा, आणि झोप न झालेले हसरे डोळे.

"मुग्धा...?"

"आन्न्योंग हासेयो, सॉनसेंगनिम," तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं. नमस्कार, सर.

"उच्चार छान," तो म्हणाला. "मान अजून थोडी खाली हवी."

मनातला चेहरा त्याच क्षणी पुसला गेला, आणि मुग्धाला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

त्याने अंगातलं गडद निळं जॅकेट काढून दिलं. कंपनीचं होतं, खांदे तिच्या कोपरापर्यंत येणारे. ते घालून ती खुर्चीत बसली. "स्माइल नहीं, मॅडम," फोटोवाला तीनदा ओरडला. चौथ्यांदा त्याने दत्तप्रसादलाच बाहेर उभं राहायला सांगितलं.

"तुम्ही इथे कसे?" बाहेर आल्यावर तिने विचारलं.

"पासपोर्ट रिन्यू करायचाय. प्लांटवरची शिफ्ट सकाळी संपली, आता चार दिवस सुट्टी. आणि तुम्ही? एकट्याच?"

मुग्धाने पर्समधून चिठ्ठी काढली. चिठ्ठीवर चार कामं होती. फोटो. कोरियाहून आलेल्या पत्राचं फॅक्टरीसाठी इंग्रजी भाषांतर. कोरियन दूतावासात बाराच्या आत व्हिसाचा अर्ज. चौथं काम तिने अंगठ्याखाली झाकलं.

"भाषांतराची मॅडम ओळखीची आहे, अर्ध्या तासात देईल. गाडी आहे माझी. चला, यल्ला."

"तुम्हाला झोपायचं असेल..."

"शिकवताना मला झोप येत नाही. बघितलंय ना तुम्ही."

"मी कुठे बघितलंय? मला फक्त करंगळी माहितीये."

तो हसला आणि कानापर्यंत लाल झाला. सावळ्या माणसाचंही लाजणं दिसतं, हे मुग्धाला तेव्हा कळलं.

भाषांतराच्या ऑफिसात त्यांना वीस मिनिटं बाकावर बसावं लागलं. त्याने ते मूळ पत्र मागून घेतलं आणि बोट ठेवत तिच्याकडूनच वाचून घेतलं. इछॉन नावाच्या कुंभारांच्या गावातल्या एका शाळेचं पत्र होतं. नऊ महिन्यांचा कोर्स, एक मार्चपासून.

"टाइल्सच्या फॅक्टरीत डिझाइन करता ना तुम्ही? मग माती शिकायला इतक्या लांब?"

"पाच वर्षं झाली, सर. कॉम्प्युटरवर संगमरवराच्या रेघा काढते. लोकांना वाटतं मी सिरॅमिकमध्ये आहे. हाताला आजवर मातीचा कण लागलेला नाही." ती जरा थांबली. "आई म्हणते, एकटी मुलगी, नऊ महिने... वेड लागलंय."

"थोडं लागलंय," तो शांतपणे म्हणाला. "लागावंच. मी बारा वर्षं कोरियन साहेबांच्या हाताखाली काम केलं, त्यांची भाषा शिकलो, पण कोरिया बघितला नाही. दर वर्षी म्हणतो, पुढच्या वर्षी."

गाडीत धडा सुरूच राहिला. सिग्नल लाल झाला की तो एक वाक्य विचारायचा. बस कुठे मिळेल, पाणी गरम आहे का, मला तिखट चालतं. खिडकीबाहेरचं जानेवारीचं धुकं हळूहळू विरत होतं, आणि मुग्धाला वाटत होतं, अबू धाबीतले सगळे सिग्नल आज लालच राहावेत. दूतावासात त्याने मुद्दामच पाऊल मागे घेतलं. "तुम्हीच बोला." ती खिडकीशी गेली, अडखळली, पुन्हा बोलली. आतल्या बाईने हसून पावती दिली. परत येताना मुग्धाला पाय जमिनीवर ठेवणं कठीण जात होतं.

जेवायला तो तिला एका लहानशा कोरियन खानावळीत घेऊन गेला. तिने आपल्या पेल्यात पाणी ओतायला तांब्या उचलला, तर त्याने तो अलगद काढून घेतला.

"तिथे आपला पेला आपण भरत नाही. समोरचा भरतो."

"मग एकट्या बाईने काय करायचं? तहानलेलंच राहायचं?"

त्याने दोन्ही हातांनी तिचा पेला भरला. मग नजर पेल्यावरून तिच्यावर आली आणि जरा जास्तच वेळ राहिली.

भातावरच्या भाज्या कालवता कालवता त्याने विचारलं, "चौथं काम कुठलं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिने फाइलमधून कागद काढून टेबलावर ठेवला. इथला रेसिडेन्स व्हिसा कॅन्सल करायचा कागद. फॅक्टरीतल्या एचआरच्या सुजाता मॅडमनी दोन पर्याय दिले होते, एक तर बिनपगारी रजा घे, नाही तर व्हिसा रद्द कर. सही करून चार वाजायच्या आत फोटो पाठवायचा होता.

"रजा मिळत असताना कॅन्सल का?"

"रजा घेतली तर सहा महिन्यांच्या आत एकदा इथे येऊन एन्ट्री मारायला लागेल ना? देशाबाहेर सहा महिने झाले की व्हिसा संपला. कोर्स मधेच सोडून, तिकिटाचा खर्च करून कोण येणार? आणि कशासाठी? इथे माझं आहे कोण? कोर्स झाला की सरळ कोल्हापूर. परतीचे दोर कापून टाकलेले बरे."

बोलता बोलता तिचा आवाज खाली गेला. सकाळी हेच वाक्य तिला किती सोपं वाटलं होतं.

दत्तप्रसादने कागद नीट वाचला. मग खिशातलं पेन काढून, दोनदा टेबलावर टेकवून, तिच्यासमोर ठेवलं.

"घ्या."

मुग्धाला रडूच यायचं बाकी राहिलं. म्हणजे एवढंच. एक भला मास्तर, एक दिवसाची मदत, खलास. तिने पेन उचललं.

"सही करण्याआधी एक विचारू?" तो म्हणाला. "माझा कोर्स बारा धड्यांचा आहे. तुमचे सोळा शनिवार झाले. लक्षात नाही आलं?"

"आलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी मुद्दाम चुकत होते." ती भातात बघत म्हणाली. "एकाच अक्षराची चूक कुणी सहा वेळा करतं का? तुमच्या लक्षात नाही आलं?"

"आलं," तो म्हणाला. खानावळीतल्या मावशी येऊन रिकाम्या वाट्या उचलून गेल्या.

"थांब म्हणणार नाही मी." तो 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आला, हे त्यालाही कळलं नसावं. "जा. चांगले कोपरापर्यंत हात माखू देत मातीत. बारा वर्षं मी स्वतः जे केलं नाही, ते तू करतेयस, तुला अडवणारा मी कोण? पण मुग्धा... शुक्रवारी रात्रपाळी करून मी शनिवारी सकाळी न झोपता शिकवायला बसतो. जग म्हणेल, मास्तर कष्टाळू आहे. कष्टबिष्ट काही नाहीत. मला तुझा आवाज ऐकायचा असतो. तू मला आवडतेस. सहा महिन्यांत एकदा ये. व्हिसासाठी म्हणून ये, वाटल्यास."

मुग्धाने बोटांवर महिने मोजले.

"म्हणजे ऑगस्ट. ऑगस्टमध्ये इथून माणसं पळतात, सर. पन्नास डिग्री असतं."

"बरंच आहे. विमानतळावर गर्दी नसेल. लगेच सापडशील."

"आणि सापडल्यावर?"

"मग पुढचं तू म्हणशील तसं. कोल्हापूर म्हणालीस तर कोल्हापूर. आणि सर म्हणू नकोस आता."

"मग काय म्हणू?"

"दत्ता म्हण. घरचे म्हणतात."

तिने मनातल्या मनात एकदा म्हणून बघितलं. बरं वाटलं. तेवढ्यात फोन वाजला. साडेतीन झाले होते.

"मुग्धा, कागद कुठाय गं?" सुजाता मॅडम घाईत होत्या. "चारला सिस्टीम क्लोज होते, मला अपलोड करायचंय."

"मॅडम... कॅन्सल नको. बिनपगारी रजाच टाका."

"अगं, सकाळपर्यंत तर तुझं फायनल होतं! रजा टाकली तर मधे एन्ट्री मारायला यावं लागेल. मार्च, एप्रिल... ऑगस्ट संपायच्या आत बघ. स्वतःहून ऑगस्टमध्ये कोण येतं इथे?"

मुग्धाने समोर पाहिलं. दत्ताने चष्मा काढून टेबलावर ठेवला होता आणि तो श्वास रोखून बसला होता.

"मी येणार आहे, मॅडम," ती म्हणाली.