जिन्याकडून आलेला सूर

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. गेल्या महिन्यातली गोष्ट. भर दुपारची. मामाच्या घरातली माडीवरची खोली.

मामा घड्याळं दुरुस्त करायचा. उरलेला वेळ रेडिओला. एका जुन्या उपग्रहाची पिकपिक तो तीस वर्षं ऐकायचा आणि वेळ वहीत लिहायचा.

मामी म्हणायची, "यापेक्षा सवत परवडली!"

मामाला जाऊन तीन आठवडे झाले होते. मी मामीला आमच्याकडे न्यायला आलो होतो. तिची एकच अट.

"आज तो उपग्रह खाली येऊन जळून जाणार ना? शेवटचं ऐक, वहीत लिही. मग निघू."

खिडकीतून अँटेना धरला. मामाने शिकवलेलं आठवत होतं. जवळ येताना सूर चढा, लांब जाताना उतरलेला. हललाच नाही, तर तो आकाशातला नव्हेच. घरातला. मग एकेक प्लग काढून चोर शोधायचा.

सूर उतरला. विझला. चार वाजून बारा मिनिटं. वहीत लिहिताना मला रडू आलं.

आणि...

पिक. पिक. पिक.

सूर हलत नव्हता.

फ्रिज बंद केला. पंखा बंद केला. शेवटी मेन स्विचच पाडला. रेडिओ तेवढा बॅटरीवर. घर चिडीचूप...

पिक. पिक.

अँटेना खोलीभर फिरवला. कपाटाकडे क्षीण. खिडकीकडे क्षीण. जिन्याच्या दाराकडे... खणखणीत.

जिन्यात कोणीच नव्हतं.

मग सूर चढायला लागला.

मी बॅटरी उपसून काढली.

"का रे बंद केलंस?" माझ्यामागे खाटेवर बसलेली मामी म्हणाली. तीस वर्षांत तिचेही कान तयार झाले होते. "येत होता ना."

मामी आली नाही. हातापाया पडलो, तरी नाही. बॅटरी मी माझ्या बॅगेतून घेऊन आलो. तरी रोज चार-बाराला तिचा फोन. "कालच्यापेक्षा चढा आहे बघ." आणि मागे ती पिकपिक... मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहे.

काल फोन आला. मागे शांतता.

"आज वाजत नाही का गं?"

"आता कशाला वाजेल?" मामी हसली. मग रिसीव्हर बाजूला धरून म्हणाली,

"चहा टाकू ना?"

हे तिने मला विचारलं नव्हतं.

उद्या सकाळी मी तिकडे जातोय. जायलाच हवं. पण त्या जिन्याने वर चढायची हिंमत होत नाहीये.