येल्लाप्पाने पिकवलेला दगड

"सांगतो ते तुम्हाला पटायचं नाही म्याडम, आजवर कुणालाच पटलेलं नाही. पण ह्या खाणीतला स्फटिक मी पिकवलाय. वांगी पिकवावीत तसा."

येल्लाप्पा धोत्रे पत्र्याच्या शेडमध्ये उकिडवा बसला होता. बाहेर बंद खाणीवर राखाडी आभाळ टेकलं होतं. समोर भूशास्त्रज्ञ शर्वरी गोगटे यांनी फुलकोबीच्या गड्ड्यासारखा पांढरा दगड जेवणाच्या डब्याएवढ्या परखयंत्रात ठेवला. एकेक करत तीन हिरवे दिवे लागले. दगड घन होता, त्याचे घटक ठरलेले होते, आतले अणू कवायतीसारखे रांगेत होते. चौथा दिवा मात्र विझलेलाच राहिला.

"तो का लागंना?" येल्लाप्पानं विचारलं.

"तो यंत्राला कळत नाही, आजोबा. निसर्गानं आपणहून घडवलं असेल तरच त्याला खनिज म्हणायचं. पूर्वी हा प्रश्नच पडत नसे. असा दगड घडायला लाखो वर्षं जायची. आता पोकळीत स्फटिकद्रव ओतला, की आठवड्यात तोच दगड वाढतो. यंत्राला दोन्ही सारखेच. म्हणून खाणीतल्या जुन्या माणसांना विचारून चौथा दिवा मला हातानं लावावा लागतो."

येल्लाप्पाला हे ठाऊक होतं. दगड खनिज ठरला, तर खाण पुन्हा उघडणार, पुढचा ढिगारा सुरुंगानं फोडणार. चार वर्षांपूर्वी कोसळलेल्या दरडीच्या त्या ढिगाऱ्याखाली त्याचा पोरगा मारुती गाडलेला होता. दगड माणसाच्या हातचा ठरला, तर खाणीचं तोंड कायमचं लिंपून टाकणार. पोराच्या अंगावर पुन्हा सुरुंग नको, एवढंच म्हाताऱ्याला हवं होतं. त्यासाठी तो वाटेल ते सांगायला तयार होता.

"तुम्ही द्रव ओतलात? किती?"

"सहा हंडे. आधी चुलीवर उकळला. आमच्या शेळीनं हंडा चाटला, तर तिची शिंगं काचेची झाली. आरपार डोंगर दिसायचा."

"शेळी कुठंय?"

"विकली. शिंगं दिसेनात म्हणून गिऱ्हाइकानं बिनशिंगीचा भाव दिला."

शर्वरीबाईंना हसू आलं. दाराशी उभी असलेली रेणुका, मारुतीची बायको, हसली नाही. येल्लाप्पानं तिच्याकडे बघणं टाळलं.

"अन् म्याडम," त्याचा आवाज जरा उतरला, "त्यात माझा पोरगा मुरला असंल तर? तो न्हाई का धरायचा खनिजात?"

शर्वरीबाई म्हणाल्या, "हाड जिवंत शरीरानं घडवलेलं असतं. ते खनिजात धरत नाहीत."

"म्हणजे दगड मोजायचा, पोरगा न्हाई."

शर्वरीबाईंनी यंत्रावरची धूळ उगाच पुसली. "कुठं ओतलात, तेवढं सांगा. तुमचं म्हणणं मी वर कळवीन."

येल्लाप्पाला धीर आला. "पार खाली. ढिगाऱ्याच्या उजव्या अंगाला भिंतीत पोकळी हाय. दरड कोसळली, त्याच्या दुसऱ्या महिन्यात मी एकटा उतरलो, डोक्यावर हंडा घेऊन. वाफेनं भुवया जळाल्या. भिंतीला कान लावला, तर आत स्फटिक वाढताना कुरकुरत व्हते, उंदरानं पापड खावा तसे..."

"खोटं बोलताय, मामा."

रेणुका आत आली. ती म्हाताऱ्याशी नाही, बाईंशी बोलू लागली.

"आमच्यात खाणीत माणूस गेला, की घरातल्या थोरल्यानं खाली उतरून नारळ फोडायचा असतो. मामा काठावर गेले अन् तिथूनच माघारी फिरले. त्या दिसापासून एकदाबी उतरले न्हाईत. दरडीच्या तिसऱ्या दिवशी नारळ मी फोडला. दरडीनं ती पोकळी तवाच उघडी पडलेली. ही पांढरी फुलं माझ्या डोळ्यांसमोर होती, कुणीबी काही ओतायच्या आधी."

शर्वरीबाईंनी यंत्रावर बोट टेकवलं. चौथा दिवा हिरवा झाला.

येल्लाप्पानं पुढं होऊन तो दिवा तळव्यानं झाकला.

रेणुका त्याच्यापुढं खाली बसली. "चार वर्सं मी कुंकू लावू का पुसू, कुणी सांगत न्हाई. तुम्हाला त्याला झाकून ठेवायचंय, मला ढिगारा फोडून का होईना, एकदा बघायचंय. तो आपल्या दोघांचा हाय, मामा. मग एकट्यानं ठरवणारे तुम्ही कोण?"